खड्ड्याकाठचा दगड

त्या राज्यात सपाट जमीन नव्हती, एवढे म्हाताऱ्या एडक्याला नक्की आठवत होते. पुढचे सारे याच क्रमाने घडले का, याची खात्री मात्र त्याला देता येत नसे. तिथे पावलागणिक कडे आणि घळी होत्या, आणि सावल्या अशा फसव्या की तळ चार हातांवर आहे की चाळीस, ते नुसते बघून कळत नसे. एडका कळपासाठी वाटा आखायचा. रीत अशी होती की वाट आखणाऱ्याने खोली स्वतः मोजायची नाही. त्याने मोजणारा निवडायचा.

एका वर्षी वरचे गवत संपले. खालच्या कुरणात उतरायला एकच कडा होता. मेंढ्यांना सात हातांची उडी झेपत असे, त्याहून जास्त नाही. पहिली उडी एडक्याची नात बांडी मारणार होती.

तीन मोजणारे आले. ससाणा दोन डोळ्यांनी पाहायचा आणि दोन्ही डोळ्यांना दिसलेल्या चित्रांतल्या फरकावरून खोली सांगायचा. वटवाघूळ हाक मारायचे आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर ठरवायचे. काजवे तळावर उजेडाची जाळी टाकायचे आणि ती कुठे वाकते ते बघायचे. उन्हात मात्र त्यांची जाळी पुसली जाई.

तिघांची परीक्षा नेहमीप्रमाणे जुन्या खड्ड्यावर झाली. त्याच्या काठच्या दगडावर 'बारा हात' असे कोरलेले होते. प्रत्येक मोजणाऱ्याने आकड्याखाली आपली खूण उमटवायची, अशी रीत होती; पण या दगडाला सगळे नमस्कार करीत, म्हणून आकड्याखालचे शेवाळ खरवडून ती खूण कोणी पाहिली नव्हती.

ससाण्याने डोकावून सांगितले, "बारा."

वटवाघूळ म्हणाले, "अठरा."

खड्ड्यात सावली होती. काजवे आत उतरले, वर आले आणि म्हणाले, "अठरा."

"दगडालाच खोटं पाडताय काय रे?" कळपातला बोकड म्हणाला. "एक आयुष्यभर उलटं टांगलेलं, आणि दुसऱ्यांना उन्हात दिसत नाही."

"दिसत नाही तेव्हा तसं सांगतो तरी," काजवे म्हणाले.

एडका अस्वस्थ झाला. दोन निराळ्या रीतींनी चुकणारे एकाच आकड्यावर कसे येतात? मोजण्याच्या विद्येतले जे जे शिकता येईल ते तो शिकला होता, आणि म्हणूनच त्याच्या प्रत्येक शंकेच्या पाठीशी दुसरी शंका उभी राही. तो चाचरत म्हणाला, "खड्ड्यात एक वेल सोडून बघू या का?"

"आजोबा, तुम्ही तोंडातलं गवतसुद्धा दोनदा हुंगता," बांडी म्हणाली. "एवढा जुना दगड, तो काय आज चुकणार आहे?"

कळप हसला. एडकाही हसला, आणि त्याने ससाण्याला निवडले.

कड्यावर ससाण्याने खाली पाहिले. "सहा."

बांडी मागे न बघता झेपावली. खुरांचा आवाज येईल म्हणून सगळे कान टवकारून उभे होते. आवाज आला नाही. मग, एडक्याने रोखलेला श्वास सोडल्यावर, तो आला. आणि तो खुरांचा नव्हता.

ससाणा अजून खालीच बघत होता. "सहाच आहेत," तो पुन्हा म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता.

कळप दुसरीकडे गेला. एडक्याचे दात पडले. आपणच काहीतरी चुकीचे आठवतो आहोत, असे तो वर्षानुवर्षे स्वतःला सांगत राहिला. शेवटी एका दुपारी तो लंगडत त्या खड्ड्याशी गेला आणि तोंडात धरून एक वेल आत सोडली. टोक तळाला टेकल्यावर ती वर ओढून त्याने मोजली. अठरा हात. त्याने तीनदा मोजली.

मग तो दगडाकडे वळला. आकड्याखालचे शेवाळ त्याने खुराने हळूहळू खरवडले. खाली, तीन बोटे पुढे आणि एक मागे, असा ससाण्याचा पंजा उमटलेला होता.