टिकली कुठं लावायची?

“ही बहीण एक की दोन, ऋजुता?”

उस्ताद दस्तगीर यांनी खालून विचारलं तेव्हा ऋजुता शिडीवर होती. तिचा ब्रश हवेतच थांबला.

“दोन, उस्ताद. जावा-जावा आहेत, पण राहतात बहिणींसारख्या. म्हणून तर खाणावळीचं नाव ‘सिस्टर्स’.”

“मग पाटीवर एकटीच का उभी केलीस?”

तिनं पाटीकडं पाहिलं आणि जीभ चावली...

ऋजुता इंग्रजीत एम.ए. जयसिंगपुरातली कुठली पाटी शुद्ध नि कुठली अशुद्ध, हे ती रिक्षात बसल्याबसल्या सांगायची, विचारा अगर विचारू नका. दोन वर्षं ती उस्तादांकडे पाट्या रंगवायला शिकत होती. रंगवायची ती, कोपऱ्यात सही पडायची ‘दस्तगीर’. “तुझी पाटी बिनचूक उतरली, की खाली तुझं नाव टाक,” उस्ताद म्हणाले होते. ती पाटी आजची होती. म्हणून तर बाईसाहेबांनी खडूची रेघसुद्धा न मारता एका दमात रंगवली, आणि इंग्रजीत मालकी दाखवणारं ते वरचं टिंब, ॲपॉस्ट्रॉफी, ‘SISTERS’मधल्या शेवटच्या एसच्या आधी ठेवून मोकळ्या झाल्या.

उस्तादांना इंग्रजीचं एक वाक्य बोलता येत नव्हतं. पण एसच्या आधी एक, एसच्या नंतर अनेक, हे चाळीस वर्षं रंगवून त्यांच्या हाताला पाठ झालं होतं.

“रंग ओला आहे. आत्ता सरकवते,” ती घाईनं म्हणाली.

पण उद्घाटनाला उरला होता अर्धा तास, आणि दोन्ही मालकिणी दारातच उभ्या होत्या. थोरली हौसाबाई आणि धाकटी रंजना.

“काय सरकवतीस गं?” हौसाबाईनं विचारलं.

“काही नाही हो, ती टिकली. एसच्या आधी लावली तर खाणावळ एका बहिणीची. नंतर लावली तर सगळ्या बहिणींची.”

झालं!

“एकीची?” रंजना म्हणाली. “कुठल्या एकीची?”

“आता थोरली कोण हाय, ते गावाला ठावं हाय.”

“थोरल्या तुम्हीच की. पर रस्सा कुणाच्या हातचा?”

“आन् भाकरी काय आभाळातनं पडती?”

जावा-जावा, उभा दावा, असं गल्ली सहा महिने म्हणतच होती. आता ती सगळी गल्ली कामं टाकून बघायला आली.

ऋजुतानं टिंब पुसलं, एसच्या नंतर लावलं. “बघा, झाली दोघींची!”

“आन् उद्या हिनं पुसून परत अलीकडं आणली तर?”

“मी आणीन व्हय?” रंजनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “तुम्हीच चालवा तुमची खाणावळ.” 

“मला नको, तुझी तूच चालीव!” हौसाबाई म्हणाली. रंजना चपला शोधायला लागली.

ऋजुताच्या तोंडचं पाणी पळालं. सहीचं राहू दे, इथं एवढ्याशा टिकलीपायी घर मोडायला निघालं होतं. “उस्ताद, काहीतरी करा ना...”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. आत गेले. बाहेर आले ते ताज्या भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन, आणि कुणाकडं न बघता रस्त्याला लागले.

“ओ चाचा! टोपली घेऊन निघालात कुठं?” हौसाबाईनं हाक मारली.

“तू म्हणतेस हिची, ही म्हणते तुझी. मग बेवारशी दिसतेय.”

“ठेवा खाली!” दोघी एकदम ओरडल्या. “आमची हाय ती!”

उस्ताद थांबले... वळले. दाढीतल्या दाढीत हसत होते.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आधी रंजना फिस्सकन हसली, मग हौसाबाई. हसताहसता तिनं धाकटीच्या पाठीत एक धपका घातला. “चपला काढ, येडे. गिऱ्हाईक दारात हाय.”

“ऐकलंस?” उस्ताद ऋजुताला म्हणाले. “दोघी काय म्हणाल्या, ते इंग्रजीत लिही.”

तिनं रॉकेलच्या बोळ्यानं ‘सिस्टर्स’ पुसून काढलं. खालचं ‘घरगुती खाणावळ’ तसंच ठेवलं. या खेपेला आधी खडूची रेघ मारली आणि जपून एकेक अक्षर काढलं. ओ. यू. आर. एस. अवर्स.

एस झाल्यावर ब्रश सवयीनं वर गेला, आणि थांबला.

“का गं? टिकली कुठं लावायची?”

“उस्ताद... इथं लागतच नाही.”

“आधी?”

“नाही.”

“नंतर?”

“नंतरही नाही.” तिला स्वतःचंच हसू आलं. “का, ते एम.ए.ला असताना मी कधी विचारलंच नाही.”

उस्तादांनी टोपलीतल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

नारळ फुटला. भांडण बघायला आलेली गल्ली जेवायला बसली. आतून दोघींचा एकमेकींवर ओरडण्याचा आवाज येत होता, पण तो मिठावरून.

ऋजुता शिडीवरून उतरली आणि बारका ब्रश तिनं उस्तादांपुढं धरला. “कोपरा राहिलाय. सही तुमचीच टाका. माझी पाटी बिनचूक नव्हती.”

“रंगवली कुणी?”

“मी. पण सावरली तुम्ही.”

“हं...”

“मग खाली नाव कुणाचं टाकू, उस्ताद? तुमचं की माझं?”

उस्तादांनी ब्रश तिच्याच हातात परत दिला.

“वर काय लिहिलंयस? वाच.”