बारा उपरण्यांचं विमान

सूर्य उगवून बरोबर दोन घटका झाल्या होत्या, तेव्हा येसूने विमानाच्या शिडीवर पाऊल ठेवलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

विमान तांबडगिरीच्या दुर्गसेन राजाचं. लाकडी, बारा बैठकांचं, दिवसातून एकदाच दरीपलीकडच्या गडावर जाणारं. कुणाची जागा ठरलेली नाही. आधी येईल तो हवा तिथं बसेल आणि बारा जागा भरल्या की सारथी शिंग फुंकून विमान उडवील, असा नियम. येसू म्हणजे विणकर आळीतली कोष्ट्याची सून. तिच्या आठ महिन्यांच्या बकुळीचा कान दोन दिवस ठणकत होता. पोर दुधाला तोंड लावत नव्हती. कानाचे वैद्यबुवा गडावर फक्त बुधवारी बसत, तेही दुपारपर्यंत. आज बुधवार होता. म्हणून येसू झुंजुमुंजू व्हायच्या आतच येऊन रांगेत पहिली उभी राहिली होती.

वर जाऊन बघते तर विमानात माणूस एकही नाही आणि जागा एकही रिकामी नाही. प्रत्येक बैठकीवर एकेक जरीकाठी उपरणं पसरलेलं.

खाली मांडवात राजाचे मेहुणे, मामासाहेब, चकल्या खात बसले होते. तिथूनच ओरडले, "ए बाई, हात लावू नकोस. भरलंय विमान."

"कुणी भरलंय?"

"आम्ही. कालच संध्याकाळी उपरणी टाकून ठेवलीत. खिडकीची जागा माझी. शेजारची आत्याबाईंची."

"आत्याबाई कुठायत?"

"न्हातायत."

"आणि ही?"

"आमच्या साडूंची. ते अजून उठायचेत."

"अन् ही कोपऱ्यातली?"

मामासाहेबांनी जरा आठवून पाहिलं. "ती आत्याबाईंच्या फराळाच्या डब्याची."

डब्याला जागा होती. बकुळीला नव्हती. येसूने पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. सकाळपासूनची ही बाविसावी खेप असेल. कपाळ मघापेक्षा गरम होतं, की आपलाच हात गार पडलाय, तेही तिला कळेना.

तेवढ्यात राजाची स्वारी आली. विमान उडताना पाहायचा राजाला भारी नाद. येसू शिडी उतरून त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं.

राजा म्हणाला, "आमचा हुकूम आहे, बाई. जिथं वस्त्र पडलं, तिथं माणूस बसला. वस्त्राला हात लावणं म्हणजे माणसाला हात लावणं."

हा हुकूम मागच्या महिन्यात, मामासाहेबांनी आणलेले मोदक खाता खाता निघाला होता. पण एकदा निघाला तो निघाला. दुर्गसेन राजाने आजवर दिलेला हुकूम कधी मागे घेतला नव्हता आणि याचा त्याला फार अभिमान होता.

"महाराज, पोरीचा कान..."

"असं कर," राजाने मिशीवर हात फिरवला. "एकाही वस्त्राला हात न लावता, कुणाला ऊठ न म्हणता, आजच्या विमानात जागा मिळव. मिळवलीस तर शहाणी. नाहीतर मुकाट घरी जा."

मामासाहेब इतके हसले की त्यांना चकलीचा ठसका लागला.

येसूने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग ती शांतपणे सारथ्याकडे वळली. "दादा, वर किती जण बसलेत, मोजा बघू."

सारथ्याने राजाकडे पाहिलं, उपरण्यांकडे पाहिलं. "महाराजांच्या हुकमाने मोजायचं तर बारा."

"मग खोळंबलात कशाला? बारा भरले की उडवायचं ना?"

सारथी सरळमार्गी माणूस. त्याने शिंग तोंडाला लावलं.

तसे मामासाहेब चकली टाकून धावत आले. "अरे थांब, थांब, मी बसायचोय अजून!"

येसूने डोईवरचा पदर सावरला आणि राजाला विचारलं, "महाराज, हे कोण?"

"हे आमचे मेहुणे."

"असं कसं? मेहुणे तर वर खिडकीशी बसलेत. हुकूमच आहे तसा. मग हा खाली धावणारा गृहस्थ कुणीतरी तोतया असणार. बघा बाई, उद्या हाच वाड्यात शिरून राणीसाहेबांना ताई म्हणायचा."

खरंच, हुकमाप्रमाणे तसंच होत होतं. दोघा शिपायांनी तर मामासाहेबांच्या दंडाला हातही घातला.

"अहो, मला काय धरता? मी खरा आहे!"

"मग वर कोण बसलंय?" येसू म्हणाली.

"कुणी नाही बसलेलं. फडकं आहे ते, नुसतं फडकं."

"आत्याबाईंचं?" राजाने विचारलं.

"तेही फडकंच."

"आणि साडूंचं?"

"सगळी फडकीच, महाराज. माणूस मी आहे, आणि मी इथं खाली आहे."

"तर मग उचला आपली फडकी. त्यांना हात लावायची तिला बंदी आहे, तुम्हाला नाही."

मामासाहेब शिडी चढले आणि बारा उपरणी बगलेत मारून परटासारखे खाली उतरले. दुर्गसेन राजा पोट धरधरून हसला. हसता हसता म्हणाला, "हुकूम मी मागे घेतलेला नाही हं. माझ्या मेहुण्यानेच तो मोडला. शाबास, पोरी. काय हवं ते माग."

"आत्ता काही नको. तेवढं विमान उडवा, दुपारी वैद्यबुवा उठतात."

राजाने येसूला खिडकीची जागा दिली, परतीच्या वाटेला तिच्यासाठी थांबायला सारथ्याला सांगितलं आणि ती बारा उपरणी बकुळीच्या दुपट्यांसाठी तिच्या घरी धाडली. रांगेतली मागची अकरा माणसं चढली, शिंग वाजलं आणि विमान दरीवर गेलं. वैद्यबुवांनी कानात दोन थेंब सोडले, तशी बकुळी आईला घट्ट बिलगून पोटभर प्यायली.

तुमच्या गावात विमान नसेल. पण कीर्तनाचा मांडव असेल, लग्नाची पंगत असेल, आणि तिथं रुमाल टाकून न्हायला गेलेली माणसंही असतील. त्यांना ही गोष्ट नक्की सांगा. फक्त सांगायला जाताना आपली जागा सोडू नका, बसल्या जागेवरूनच सांगा.