एकसष्ट गुणांचे साधन

“आणि पन्नासच्या पन्नास नोंदी सुखरूप पोहोचल्या?” अमलानंदस्वामींनी विचारले.

“एकही गळली नाही, स्वामीजी,” शैलजाबाई आगटे म्हणाल्या. “पहिल्या साधनाला मी शंभरपैकी शहाण्णव गुण दिले आहेत.”

परीक्षक त्याच होत्या. टेकडीवरच्या या मठात श्रवणयंत्रांचे केंद्र चाले. तिथून यंत्र नेलेल्या अकरा हजार माणसांची माहिती एका जुन्या सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या, संगणक प्रणालीत होती: कोणाला कोणते यंत्र दिले, पुन्हा कधी बोलवायचे, निरोप कसा धाडायचा. ती प्रणाली महिनाअखेर बंद व्हायची होती. तिच्यातली माहिती नव्या प्रणालीत नेऊन देणारी साधने बाहेरच्या तीन कंपन्या विकत होत्या, आणि त्यांतले एक निवडायचे होते. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या शैलजाबाईंनी हे काम स्वतःहून मागून घेतले होते. तोलूनमापून गुण देणे माझ्याइतके कोणाला जमणार, असे त्यांनी बोलूनही दाखवले होते.

त्यांनी तक्ता स्वामींपुढे सरकवला. वेग, अचूकता, सुरक्षितता, वापरातली सुलभता... लाल शाईत गुण, आणि प्रत्येक वजावटीचे कारण समासात.

“दुसऱ्याला अठ्ठ्याऐंशी,” स्वामींनी वाचले. “तिसऱ्याला?”

“एकसष्ट. ते मध्येच थांबते. तारखेत दिवस आधी की महिना आधी, असल्या शंका काढते. पन्नास नोंदींत चार वेळा अडले.”

“बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं करायचंच बाकी ठेवलंय,” संगणकापाशी बसलेला तन्मय पुटपुटला. केंद्राचे संगणक तोच सांभाळत असे.

“पुटपुटू नकोस, तन्मय. बोलायचे तर स्पष्ट बोल.”

स्वामी हसले. मग त्यांनी विचारले, “त्या पन्नास नोंदी कोणी निवडल्या?”

“मी. अकरा हजारांतून वेचून. त्यांतले शुद्धलेखनही सुधारून दिले. परीक्षा घ्यायची तर प्रश्नपत्रिका निर्दोष हवी.”

“आणि बाकीच्या?”

“काही नोंदी चारचौघांत दाखवण्याजोग्या नाहीत, स्वामीजी. कुठे आडनाव नाही, कुठे पत्त्याच्या जागी कोणी गोष्टच लिहून ठेवली आहे...”

स्वामींनी तक्ता खाली ठेवला.

ते म्हणाले, “बाई, शाळेत तपासणीला साहेब यायचे, त्या दिवशी कच्ची मुले कुठे बसायची?”



तपासणीच्या आदल्या दिवशी शैलजाबाई स्वतः वर्गावर्गातून फिरत. तुला बरे वाटत नसेल तर उद्या नाही आलास तरी चालेल, बाळ... आवाजात केवढी माया असे. शेरा दर वर्षी ‘उत्तम’ येई.

“घरी,” त्या म्हणाल्या.

“तन्मय,” स्वामी म्हणाले, “सोनाईची नोंद काढ.”

तन्मयने ती मोठ्याने वाचली. सोनाई. वय सहा. आडनाव नाही. फोन नाही. पत्ता: आजीबरोबर मेंढरांमागे, पावसाळ्यात माणदेशात, दिवाळीनंतर कोकणात. निरोप घाटातल्या चहाच्या टपरीवर ठेवावा. कान वाढतो आहे, म्हणून कानातला साचा दर चार महिन्यांनी बदलावा. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारते आणि पोर ते काढून फेकते.

“तिला पुन्हा कधी बोलवायचे आहे?”

“पुढच्या महिन्यात.”

तोवर जुनी प्रणाली मिटलेली असणार होती.

स्वामींनी तीन बोटे वर केली. तन्मयला समजले. त्याने ती एकच नोंद तिन्ही साधनांतून पाठवली.

पहिल्या साधनाने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हिरवी खूण दाखवली: काम यशस्वी. नव्या प्रणालीत सोनाई कुठेच नव्हती.

दुसऱ्यानेही हिरवी खूण दाखवली. नव्या प्रणालीत नाव होते, वय होते. पत्ता मात्र ‘आजीबरोबर’ या शब्दापाशी तुटला होता.

तिसरे थांबले. पडद्यावर एक ओळ उमटली: फोन क्रमांक नाही. निरोपाचा मजकूर कुठे ठेवावा?



शैलजाबाईंनी तक्ता आपल्याकडे ओढून घेतला आणि समासातले स्वतःचेच अक्षर पुन्हा वाचले.

“विचारले म्हणून मी याचे गुण कापले,” त्या म्हणाल्या.

“बाई, मीसुद्धा पहिल्यालाच कौल दिला होता,” तन्मय म्हणाला. “हिरवी खूण दिसली की बरं वाटतं हो.”

“तुला बरे वाटावे म्हणून का मठ चालतो?” त्यांनी फटकारले, पण आवाजाची धार या वेळी तन्मयच्या दिशेने नव्हती.

तिसरे साधन घ्यावे, असे ठरले. तन्मयने होकार दिला, स्वामींनी मान डोलावली, आणि शैलजाबाईंनी तसे आपल्या हाताने लिहून खाली सही केली. दुपारीच अकरा हजार नोंदी त्या साधनातून चाचणीसाठी सोडल्या.

ऊन उतरले तेव्हा तन्मय म्हणाला, “बाई, तीनशे बारा ठिकाणी अडलंय. तीनशे बारा प्रश्न.”

“तीनशे बारा!” शैलजाबाईंनी दिनदर्शिकेकडे पाहिले. “स्वामीजी, महिना संपायला नऊ दिवस उरले. कोणाचे आडनाव नाही, कोणाचे गाव नाही... इतक्यांची उत्तरे कोण देणार?”

स्वामींनी चष्मा लावला. केंद्राचा फोन ओढून मांडीवर घेतला.

“पहिला प्रश्न वाचा,” ते म्हणाले.