छपाईची वेगळी पुडी

एका बाजारगावात मसाल्याचं जुनं दुकान होतं. वडील थकले तसे विश्वंभरशेटने अर्ध्या दुकानात कॉम्प्युटर मांडले. मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घ्यायची, तिच्यावर चालणारी सॉफ्टवेअर मराठीत आणायची आणि त्यांची पॅकेजं बांधून गावाला द्यायची, हा त्याचा नवा धंदा.

पहिल्यांदा त्याने सगळं एकाच पॅकेजात भरलं. पत्रं लिहिणं, हिशेब, चित्रं, वर गाणीसुद्धा. कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणाऱ्या शालनताई गुरव ते घेऊन गेल्या आणि तशाच परत आल्या. त्यांच्या जुन्या मशीनमध्ये ते मावेना.

"मला अर्ज लिहायचेत, शेट. गाणी कोणाला ऐकवू, तहसीलदारांना?"

शेटला ते लागलं. मग त्याने एकेक गोष्ट सुटी केली. लिहिण्याचं पॅकेज वेगळं, मराठी अक्षरांचं वेगळं, छपाईचं वेगळं, बटणांवरच्या चित्रांचंही वेगळं. ज्याला जे हवं तेवढंच घ्या. गाव खूश झालं. शालनताईंनी लिहिण्याचं आणि अक्षरांचं नेलं. मशीन आता हलकं चालायला लागलं.

दुसऱ्याच दिवशी मंजुळा नावाची मुलगी वडिलांबरोबर त्यांच्याकडे आली. वसतिगृहाच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस. राहायला जागा मिळाली नाही तर कॉलेज सुटणार होतं. अर्ज टाइप झाला. शालनताई छापायला गेल्या, तर छपाईचं बटणच नाही.

शेटला बोलावणं गेलं. तो म्हणाला, छपाईचं पॅकेज तुम्ही नेलंच नव्हतं. ते आणलं, तर ते चालायला प्रिंटरचं पॅकेज हवं होतं. तेही आणलं, तर त्याला आणखी एक हवं होतं. ते कुठल्या नावाने बांधलंय, हे खुद्द शेटलाच आठवेना. अर्ज घेणारी खिडकी बंद व्हायची वेळ आली. मुलगी नुसती प्रिंटरकडे बघत होती.

शेवटी शालनताईंनी कोरा कागद ओढला आणि पडद्यावरचा अर्ज हाताने उतरवून दिला. मुलगी धावली. खिडकी बंद होता होता अर्ज आत गेला.

पेनाला टोपण लावत शालनताई म्हणाल्या, "तुमच्या बाबांकडून गोडा मसाला नेते मी. त्यातलं दगडफूल वेगळं मागून घ्यायचं असतं, असं त्यांनी कधी सांगितलं नाही."

शेट तसाच घरी गेला. वडिलांना विचारलं, मसाला एका पुडीत आणि हिंग मात्र वेगळा, असं का बांधता?

"मसाला सगळ्या घरांत एकत्रच पडतो. हिंग काही घरांत चालत नाही," म्हातारा म्हणाला. "पुडी बांधताना आपलं फडताळ बघायचं नसतं, बाबा. नेणारीची चूल बघायची."

शेटने पुन्हा बांधणी केली. लिहिणं, अक्षरं आणि छपाई एका पॅकेजात. चित्रं आणि गाणी सुटी. वाचनालयाचे कारभारी कुरकुरले, आमच्याकडे प्रिंटरच नाही, मग हे कशाला?

"थोडी जागा जास्त जाईल, भाऊ," शेट म्हणाला. "पण ज्या दिवशी प्रिंटर आणाल, त्या दिवशी कोणाची खिडकी बंद व्हायची नाही."

तात्पर्य: वस्तूचे किती तुकडे पडू शकतात, यावरून पुडी बांधू नये. घेणाऱ्याचं काम जिथे पुरं होतं, तिथे गाठ मारावी.