अर्धा राहिलेला स्क्रू

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंना मशीन दाखवायला घेऊन गेली, आणि चारचौघांत तिची पुरती शोभा झाली.

गोष्ट पुराणातली नाही. गुरू आश्रमात राहत नव्हते. औद्योगिक वसाहतीच्या मागे दोन खोल्यांच्या घरात राहत होते आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घालत. तंत्रनिकेतनाच्या यंत्रशाळेत त्यांनी आयुष्य घालवले होते. वसाहतीतले निम्मे कारखानदार त्यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून सगळेच त्यांना सर म्हणत. अडल्यानडल्याला बोलावले की सर येत, आणि कधी कधी न बोलावताही येत.

शिष्येचे नाव वृंदा. वडिलांच्या पश्चात त्यांचा छोटा कारखाना तिने नेटाने चालवला होता. आता तिच्याकडे मोठे काम चालून आले होते: हाडे जोडताना डॉक्टर वापरतात ते बारीक स्क्रू. आकार गव्हाच्या दाण्याएवढा, डोक्यावर तिरकी खाच आणि मधून आरपार सुईसारखे भोक. जुन्या लेथवर हा जीव एका मशीनवरून सोडायचा, दुसऱ्यावर धरायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा धरायचा, आणि दर खेपेला किंचित फरक पडायचा. किंचित फरक दाराच्या कडीला चालतो, माणसाच्या हाडाला चालत नाही.

यावर उपाय एकच होता. अनेक अक्षांवर चालणारी छोटी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कातणारी, लेथ घ्यायची. अक्ष म्हणजे ज्या ज्या दिशेने हत्यार किंवा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हलू शकतो त्या दिशा. एका बाजूने सळई आत जाते, दुसऱ्या बाजूने तयार स्क्रू टपकतो, मध्ये माणसाचा हात लागत नाही. पण वडिलांनी मागे ठेवलेल्या पुंजीत असे एकच मशीन बसत होते. निवड चुकली तर कारखान्याला कुलूप लागणार होते आणि त्यावर पोसलेली सात घरे उघड्यावर पडणार होती. वृंदाला हे कळत होते. कामगारांसमोर ती हसून बोले आणि घरी जेवण तसेच टाकून उठे.

लग्नाच्या स्थळाची कोणी करणार नाही एवढी चौकशी तिने केली. शेवटी दोन मशीन उरली. एक साधे, कमी अक्षांचे. त्यावर स्क्रू जवळजवळ पूर्ण होई, तिरकी खाच तेवढी राही. दुसरे फ्रिजएवढ्या जागेत मावणारे, पण आत दोन्हीकडून जॉब धरणारे चक आणि चहूबाजूंनी धावून येणारी हत्यारे. वृंदाचे मन या दुसऱ्यावर बसले होते. सरांनी एकदा मान डोलवावी, एवढीच तिची इच्छा होती.

विक्रीदालनात त्यांचे स्वागत झकास झाले. चुणचुणीत तरुण विक्रेत्याने बटण दाबले आणि काचेआड हत्यारांची लगबग सुरू झाली. स्क्रू पडला, मग दुसरा पडला. वृंदाने भिंगाखाली धरून पाहिला. खोट काढायला जागा नव्हती. सर मात्र मशीनकडे फारसे पाहत नव्हते. ते भिंती न्याहाळत होते.

"इथे वीज जाते का हो?" त्यांनी विचारले.

"छे छे सर, आपल्याकडे मोठा जनरेटर आहे," विक्रेता अभिमानाने म्हणाला.

"आमच्याकडे जाते," असे म्हणून सर शांतपणे भिंतीपाशी गेले आणि त्यांनी त्या मशीनचा मुख्य स्विच खाली ओढला.

घुं करत मशीन गप्प झाले. दालनातली माणसे वळून पाहू लागली. "अहो आजोबा!" म्हणून कोणी ओरडले. वृंदाला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. सर खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "आता हवं तर लावा वीज. आत अर्धा स्क्रू राहिलाय, तेवढा मशीनला धक्का न लावता मला काढून द्या. मी थांबतो."

वीज आली. पण आत सुईएवढे ड्रिल भोकात शिरलेले, वरून खाचेचे हत्यार टेकलेले, आणि जॉब दोन्ही चकांनी गच्च धरलेला. विक्रेत्याने मशीनच्या पडद्यावर इकडे तिकडे पाहिले, ओठ चावला, आणि सगळ्या हत्यारांना एकदम घरी, म्हणजे आपापल्या मूळ जागी, पाठवणारे बटण दाबले. टक् असा आवाज झाला. ड्रिल मोडले होते. मग फोन सुरू झाले. कंपनीचे मोठे इंजिनिअर बाहेरगावी होते, दुसरे उचलत नव्हते. दुपारचे जेवण टळले तरी अर्धा स्क्रू आतच होता.

परतीच्या वाटेवर वृंदाचा राग उफाळून आला.

"सर, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही. आवडलं नव्हतं तर नुसतं नाही म्हणायचं होतं."



"बरं झालं म्हणा, डोळे उघडले," थोड्या वेळाने तीच म्हणाली. "नकोच ती भानगड. साधं मशीन घेते."

"साध्यावर तुझा स्क्रू पुरा होतो?"

"खाच राहते. ती मागाहून पुन्हा धरून करायची."

"म्हणजे पुन्हा फरक. ज्या दुखण्यासाठी वैद्याकडे गेलीस ते दुखणं घेऊनच परत येणार?"

वृंदा गोंधळली. "मग तुम्ही ते मशीन नापास का केलंत?"

सर हसले. "अगं, मी कुठे नापास केलं? तुझ्या कामाला तेच मशीन हवं. मी त्याला एक प्रश्न विचारला, एवढंच. विकणारा आपल्याला आत जायची वाट दाखवतो. त्यात त्याची लबाडी नाही, ते त्याचं कामच आहे. पण बाहेर यायची वाट विचारणं हे घेणाऱ्याचं काम, आणि ते आपण विसरतो; कारण सगळं सुरळीत चाललेलं बघायला बरं वाटतं. जितके अक्ष जास्त, तितकी आत शिरायची सोय जास्त, आणि तितकाच बाहेर पडतानाचा गुंता. म्हणून कोणी अक्ष कमी करू नयेत. ज्याला बाहेर येता येतं, त्याने खुशाल हवं तेवढं आत जावं."

आपण मशीन चालताना किती छान दिसते एवढेच आजवर तपासत आलो, हे वृंदाला लख्ख कळले. त्याबरोबर भीतीही ओसरली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच त्या दालनात गेली. विक्रेता ओशाळून उभा राहिला. वृंदा म्हणाली, "मशीन घेते. अट एकच. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर मशीन मध्येच बंद करायचं, आणि माझ्या माणसाने अर्धा जॉब सहीसलामत बाहेर काढायचा. त्याला ते येईपर्यंत मशीन इथून हलणार नाही."

"मॅडम, आमच्या शिकवणीत एवढं बसत नाही."

"मग बसवा."

तो क्षणभर घुटमळला आणि हळूच म्हणाला, "बसवतो. खरं सांगायचं तर मलाही ते शिकून घ्यायचंय."

वृंदाने बरोबर नेले ते इराप्पाला, वडिलांच्या वेळच्या जुन्या लेथवाल्याला. पडद्याला हात लावायला तो बिचकत होता. मोठे इंजिनिअर बाहेरगावाहून आले, आणि त्यांच्यासमोर इराप्पा, वृंदा आणि तो विक्रेता असे तिघे शिकायला बसले. ड्रिले मोडली, शिव्या हासडल्या गेल्या, पुन्हा सुरुवात झाली. कोणते हत्यार आधी मागे घ्यायचे, कोणता चक शेवटी सोडायचा, हे हळूहळू हातात बसले.

मशीन कारखान्यात आले. स्क्रू पडू लागले. आणि एका भर दुपारी, निम्मी मागणी पुरी व्हायची असताना, वसाहतीची वीज गेली.

सगळे कामगार जागच्या जागी थबकले. काचेआड ड्रिल भोकात होते, खाचेचे हत्यार वर टेकलेले होते. सातही जण एकदा मशीनकडे आणि एकदा वृंदाकडे बघत होते.

"ताई," सर्वांत धाकटी कामगार पुढे येऊन म्हणाली, "सरांस्नी फोन लावू काय?"

वृंदाने इराप्पाकडे पाहिले. तो बाह्या सरसावत होता.

"कशाला?" ती म्हणाली. "वीज आली की इराप्पा काढतील. तोवर सगळ्यांचा चहा होऊन जाऊ दे."