कवडीच्या गळ्यातला पट्टा

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खोटी निघाली तर सांगणाऱ्याच्या मिशा गळून पडतील. सांगणाऱ्याला मिशा नाहीत, हा भाग वेगळा. आणि अक्षरन् अक्षर म्हणजे अगदी तसंही नाही. एक जागा बनवलेली आहे. ती कुठली, ते शेवटी.

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा दोर वळणारा राहत असे. अंबाडीचा दोर वळावा तर केरबानेच. बैलाचा कासरा असो की विहिरीचा दोर, त्याच्या हातचा माल झिजे, काळा पडे, पण तुटत नसे. एकदा एका सर्कशीचा हत्ती नदीच्या चिखलात रुतला. केरबाच्या दोराचं एक टोक काठावरच्या वडाला बांधलं, दुसरं हत्तीच्या सोंडेत दिलं. हत्तीने जोर केला. हत्ती बाहेर आला, वड मुळासकट उपटला, दोर होता तसाच. तेव्हापासून केरबा बाजारात छाती काढून चाले.

केरबाला आणि त्याच्या बायकोला, हौसाला, मूलबाळ नव्हतं. घरात एक मांजर होतं, कवडी. वय अर्धं वर्ष, खोड्या दहा मांजरांच्या. केरबा दोर वळायला बसला की ती हलत्या टोकावर झडप घाली. एरवी कुणाशी हसून न बोलणारा केरबा तिच्याशी मात्र दिवसभर बडबडे. "सोड गं भवाने, गिऱ्हाईक खोळंबलंय!"

मग गावात मांजरं फार झाली. कुणाचं दूध राहीना, कुणाचं दही. चावडीवर ठरलं की ज्या मांजराच्या गळ्यात पट्टा नाही ते बेवारशी. ते पोत्यात घालायचं आणि नदीपलीकडे सोडायचं.

हौसाने जुन्या लुगड्याचा काठ फाडला, मऊ पट्टा केला आणि दोन कच्च्या टाक्यांनी जोडला. म्हणाली, "दोन बोटं आत जातील एवढाच सैल ठिवते. कुठं अडकलाच तर टाका उसवंल आन् कवडी सुटंल."

केरबाने पट्टा हातात घेऊन जरासा ओढला. टाका उसवला. केरबाचं तोंड उतरलं.

"ह्यो पट्टा? माझ्या मांजराच्या गळ्यात? लोक म्हणतील, दोरवाल्याच्या घरचाच पट्टा तुटतो."

"आवं, तुटायसाठीच तर केलाय."

"आन् तुटल्यावर पोतंवाले आले तर?"

"दुसरा बांधीन. चिंध्या काय कमी हायत का घरात?"

केरबाने ऐकलं नाही. निवडक अंबाडी काढली, बारीक पीळ दिला आणि असा पट्टा विणला की बघत राहावं. वासराला दावं बांधताना मूठभर जागा सोडायची रीत असते, कारण वासरू वाढतं. केरबाने कवडीलाही मूठभर जागा सोडली. जन्मभर त्याने गुरांच्याच माना पाहिल्या होत्या. गुरं दावणीला उभी राहतात. मांजर फटीत शिरतं, माळ्यावर चढतं, उंचावरून उडी टाकतं. हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बाजाराच्या दिवशी दोघं घरी परतली. छपरात, वळलेले दोर अडकवायच्या खुंटीला, कवडी लोंबत होती. माळ्यावरून उडी मारताना पट्टा खुंटीत अडकला होता. सुटायच्या धडपडीत पुढचा एक पाय ढिल्या पट्ट्यात गेला होता आणि पट्टा गळ्याशी आवळला होता. मागच्या भिंतीचा पोपडा नखांनी निघाला होता.

केरबाने तिला खाली घेतलं. ती गार झाली होती. त्याने पट्टा तोडायला हातांनी ओढला, दातांनी ओढला. एक धागा हलला नाही. शेवटी हौसाने विळा आणून दिला. मग ती चूल पेटवायला गेली. भांडली असती तर केरबाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. "केरबा, असा दोर दे की जन्मात तुटायचा नाही!"

 केरबाने आजवर कुणालाही न विचारलेलं विचारलं. "कशाला बांधायचाय?"

गिऱ्हाईक हसलं. "तुला काय करायचंय? तुटला नाही म्हंजे झालं."

केरबा वळायला बसला. दोराचं टोक जमिनीवर हलत राहिलं. त्यावर कुणी झडप घातली नाही.

तात्पर्य: जिवाच्या गळ्यात काही बांधायचं असेल, तर आपलं नाव बाजूला ठेवावं आणि त्याची मान बघावी; अडकला तर सुटेल, एवढी वाट त्यात ठेवावी.

राहिली बनवलेली जागा. ती हत्तीची. त्या गावात हत्ती कधी आलाच नव्हता. कवडीचंही बनवलेलं असतं, तर फार बरं झालं असतं.