कोठीतला कारवान

माळावरच्या एका गावात मल्लिनाथ नावाचा बेदाण्याचा व्यापारी राहत होता. अंगणापलीकडच्या कोठीत त्याचा माल भरलेला असे. तो चोरीला जाईल, या भीतीने त्याला घास गोड लागत नसे.

म्हणून त्याने सिदबा धनगराकडून एक कारवान कुत्रा घेतला. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट. नुसता उभा असला तरी आता सुटेल असे वाटायचे.

सिदबा म्हणाला, "मालक, हे शिकारीचं जनावर हाय. पळणारं काही दिसलं की त्याला दम निघत नाही. रोज माळावर फिरवा, माणसांत वागवा. लाजरं असतंय, पण एकदा लळा लागला की जीव देतंय."

"लळा कशाला? चोर भ्याले पाहिजेत."

"चोरांचं ठाऊक नाही मालक. आधी घरची भितील."

अंधारात बांधलेला कुत्रा तिखट होतो, असे त्या गावात मानत. मल्लिनाथने त्याला कोठीशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत बांधले. भाकरी काठीने आत सरकवायची आणि त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, असा त्याचा हुकूम होता. कुत्रा जवळ आला, तर तीच काठी त्याच्या पाठीत बसे.

पहिले काही दिवस तो कण्हत होता. मग ते थांबले. आता आतून फक्त साखळी सरकल्याचा आवाज येई. मल्लिनाथची दहा वर्षांची मुलगी भागव्वा त्या दारावरून जाताना श्वास रोखून धरी.

"आता झाला खरा राखणदार," मल्लिनाथ म्हणाला.

एके दुपारी भागव्वा अंगणात बेदाण्यातल्या काड्या वेचत होती. साखळीची भिंतीतली कडी उपटली आणि दार ढकलून कुत्रा उजेडात आला. त्याला पाहून एक कोंबडी पळाली. पुढे काय झाले ते कोणाला दिसलेही नाही. कोंबडी त्याच्या तोंडात होती आणि पिसे भागव्वाच्या मांडीवर.

ती उठून उभी राहिली.

"पळू नकोस," मल्लिनाथ ओसरीवरून म्हणाला.

त्याने काठी उचलली. ती पाहताच कोंबडी टाकून कुत्र्याने दात विचकले आणि तो एक पाऊल मागे सरला. मागे भागव्वा होती. मल्लिनाथ पुढे झाला, तसा तो आणखी मागे सरला. त्याला हाक मारून आपल्याकडे बोलवावे म्हणून मल्लिनाथने तोंड उघडले आणि तसेच मिटले. महिनाभरात त्या कुत्र्याला कोणी नावच दिले नव्हते.

मल्लिनाथच्या हातून काठी सुटली. तो खाली बसला. तेव्हा त्याला दिसले, कुत्र्याच्या बरगड्या थरथरत होत्या आणि पायांखालची माती ओली झाली होती.

भागव्वा भिंतीला पाठ लावून एकेक पाऊल सरकली, घरात शिरली आणि तिने आतून कडी लावली. कुत्र्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. तो पडलेल्या काठीकडे पाहत होता.

सिदबाला बोलावणे गेले. तो आला आणि तोंड फिरवून अंगणात बसून राहिला. बऱ्याच वेळाने कुत्रा त्याच्या पायाशी येऊन पडला.

"याला परत माणसांत यायला वर्ष लागंल," सिदबा म्हणाला. मग तो कुत्र्याला घेऊन गेला.

त्यानंतरही पुष्कळ दिवस, मल्लिनाथ समोरून आला की भागव्वाची नजर आधी त्याच्या हातांकडे जाई.

तात्पर्य: ज्या जिवाला आपण भीती दाखवून वाढवतो, तो आपले रक्षण करत नाही, तीच भीती तो आपल्या घरात आणून सोडतो.